सलग २१२ दिवस

सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी बायबलच्या ॲपने माझं अभिनंदन केलं. सलग २१२ दिवस वचन वाचल्याबद्दल. पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले आणि खाली ‘मित्रांना कळवा’ असं बटण आलं. मी ते दाबणारच होते, तेवढ्यात सहज मनात आलं, काल काय वाचलं होतं बरं? आठवेना. परवा? तेही नाही. बरं, आत्ता? स्तोत्र ११९ चालू आहे एवढं माहीत होतं, कारण ते संपता संपत नाही. १७६ वचनं आहेत त्यात, अख्ख्या बायबलमधला सगळ्यात लांब अध्याय. रोज आठ-आठ वचनं घेत होते. पण आजच्या आठांत स्तोत्रकर्ता देवाजवळ काय मागत होता ते काही सांगता येईना. वर सरकवून पुन्हा पाहिलं. तो मागत होता की निरर्थक गोष्टी पाहण्यापासून माझे डोळे वळव.

झालं होतं असं, की चौतिसावं वचन वाचताना वरून एक पट्टी खाली आली. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. तो पाहिला, फोटोतल्या एका बाईचं स्टेटस पाहिलं, तिथून कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत गेले, ज्यातली वधूही माझ्या ओळखीची नाही आणि वरही नाही. परत आले तेव्हा पस्तिसावं वचन डोळ्यांसमोर होतं, म्हणून पुढची सरसर वाचून टाकली. ॲपच्या दृष्टीने मी वाचन पूर्ण केलं होतं, आणि त्याला दुसरं कळणार तरी काय?

हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडल्या.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, प्रार्थनेच्या ग्रुपची ॲडमिन मी होते. रोज सकाळी ‘आजचं वचन’ टाकायचं काम माझं. खरं सांगायचं तर ते वचन मी दुसऱ्या एका ग्रुपवरून उचलायची. सूर्योदयाच्या चित्रावर पांढऱ्या अक्षरांत वचन असायचं, ते पुढे ढकलायचं आणि मग किती जणांचं ‘आमेन’ येतं ते बघत बसायचं. हो, मी मोजायची. वीसच्या वर गेले की बरं वाटायचं. त्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याजवळ आल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. म्हणाल्या, “अगं, मंगळवारी आणि बुधवारी एकच वचन पाठवलंस. बरं केलंस. एका दिवसात कुठे मुरतं ते!”

टोमणा होता की कौतुक, मला आजही ठरवता येत नाही. घरी येऊन पाहिलं. खरंच, दोन्ही दिवशी तेच चित्र, तेच वचन. मंगळवारी एकोणीस आमेन, बुधवारी बावीस. बाईंशिवाय एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि पाठवणारीच्या तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मुलीची. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मी फोन बघत ‘हं, हं’ करत होते. ती बोलता बोलता थांबली. मला ते कळलंही नाही, मी आणखी एक ‘हं’ केलं. तेव्हा ती म्हणाली, “आई, देवबाप्पा बोलत असतो तेव्हा पण तू असंच हं-हं करतेस का गं?” बारा वर्षांची आहे. रागाने नव्हती विचारत, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ईस्टरआधीचा उपासकाळ जवळ आला होता. मी ठरवलं, यंदा चाळीस दिवस सोशल मीडियाचा उपास. आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर तसं जाहीर करून टाकलं. जांभळ्या पार्श्वभूमीवर छान अक्षरांत, ‘प्रभूबरोबर वेळ घालवण्यासाठी रजा घेत आहे.’ मग लोक काय म्हणतात ते बघायला त्या दिवसभरात चार-पाच वेळा आत डोकावले. उपास करताना तोंड उतरवून लोकांना दाखवत फिरू नका, असं प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे. भस्माच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, तोच अध्याय वाचला गेला होता. मी मागच्या बाकावर बसून ऐकला होता.

तर उपास सुरू झाला. ॲप काढून टाकले. फोन हलका झाला, मलाही हलकं वाटलं, साधारण दीड दिवस. मग माझ्या लक्षात आलं की मी हवामानाचं ॲप दिवसातून सात-आठ वेळा उघडते आहे. मला कुठे जायचं नव्हतं. बातम्या आधी कधी एवढ्या वाचल्या नव्हत्या. बँकेतली शिल्लक सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, जणू मधल्या वेळात कुणी काही भरणार होतं. एका रात्री तर मी फोनमधले चार वर्षांपूर्वीचे पावत्यांचे फोटो एकेक करून बघत बसले होते. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, फिरून परत येतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं. मग तो आपल्याहून वाईट सात जणांना घेऊन येतो, हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याचा अर्थ त्या पावत्यांच्या फोटोंनी समजावला.

त्यातून रविवारची गंमत. भस्माच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, दिवस मोजले तर ते ४६ भरतात. चाळीस कसे, तर मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत म्हणून. हे कळल्यावर मी रविवारी ॲप परत टाकायचे आणि रात्री बारा वाजता काढायचे. त्या सहा रविवारांत मी आठवड्याभराची भरपाई केली. सण आला, उपास सुटला आणि सोमवारी मी जिथे होते तिथेच होते.

तेव्हा बाईंकडे गेले. वाटलं होतं त्या प्रार्थना करतील, एखादं वचन देतील. त्यांनी विचारलं, “रात्री फोन कुठे असतो?”

“उशाशी. गजर त्यात आहे ना.”

“आणि शास्त्र?”

“त्यातच.”

“प्रार्थनेची यादी?”

“त्यातच.”

“म्हणजे देवाकडे जायची वाट बाजारातूनच जाते म्हण की,” त्या म्हणाल्या, आणि उठून एक जुनं घड्याळ घेऊन आल्या. किल्लीचं, गजराचं. “हे ने. टिकटिक फार करतं, पण त्याच्यावर फोटो येत नाहीत.”

त्यांचं सांगणं एवढंच होतं. छापील शास्त्र. फोन दुसऱ्या खोलीत, खणात, खण बंद. वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. आणि एका वेळी एकच उतारा, तोही आठवडाभर. “रोज नवीन कशाला पाहिजे? नवीन पाहिजे ही सवय कुणी लावली तुला?”

सवय कुणी लावली, हे मी नंतर वाचून काढलं. बक्षीस दर वेळी मिळालं तर प्राणी लवकर कंटाळतो, पण कधी मिळेल याचा नेम नसला तर टोचत राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून विसाव्या शतकात दाखवून दिलं होतं. पडदा खाली ओढून सोडला की काहीतरी नवीन येतं किंवा येत नाही. जुगाराच्या यंत्राचा दांडा असाच असतो. पानाला तळ नसतो, त्यामुळे ‘इथे थांबू’ म्हणायला जागाच नसते. मला स्वतःला जास्त पटली ती सोफी लरॉय या संशोधिकेची २००९ सालची मांडणी. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच चिकटून राहतो. म्हणजे मी फोन खाली ठेवून डोळे मिटायचे तेव्हा गुडघे प्रार्थनेत आणि मन अजून त्या लग्नात. मी इतकी वर्षं याला माझा दुबळा विश्वास समजत होते. तो दुबळा असेलही, पण सगळाच दोष त्याच्या माथी नव्हता.

आता ती वीस मिनिटं.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसले. घड्याळाची टिकटिक. मार्कच्या पहिल्या अध्यायातली पाच वचनं, पस्तीस ते एकोणचाळीस. वाचून झाली. परत वाचली. घड्याळाकडे पाहिलं, चार मिनिटं झाली होती. प्रार्थना केली: घरातले, आजारी असलेले, मंडळी, देशाचे अधिकारी. सात मिनिटं. मग काही नाही. भिंतीवरचा एक पोपडा दिसला, तो कधीचा आहे याचा विचार केला. पाठ अवघडली. दाराशी कुणी आलं की काय असं वाटलं. शास्त्राच्या शेवटी किती पानांचे नकाशे आहेत ते उलटून पाहिलं. नऊ मिनिटं. मला वाटलं घड्याळ बंद पडलंय, म्हणून ते कानाशी धरलं.

बाईंना हे सांगितलं तर त्या हसून हसून बेजार. म्हणाल्या, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. आणि खरंच आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होऊन गेला, ३९९ साली वारला. झोपडीत एकट्याने प्रार्थना करणाऱ्याला दुपारी जी मरगळ गाठते तिचं त्याने वर्णन केलं आहे. सूर्य हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते सूर्याकडे बघून ठरवतो, एखादा भाऊ भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे मान वळवतो. वाचायला बसलेला जांभया देतो, डोळे चोळतो, भिंतीकडे टक लावतो, पुस्तकाची पानं मोजतो आणि शेवटी पुस्तक मिटून त्यावरच डोकं ठेवून झोपतो. पानं मोजतो! मी नकाशे मोजले होते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाकडे फोन नव्हता, चार्जर नव्हता, ग्रुप नव्हता, आणि तरी त्याने माझी सकाळ जशीच्या तशी लिहून ठेवली होती.

आमच्या मंडळीत संतांची, संन्याशांची नावं फारशी निघत नाहीत, त्यामुळे मी हे सगळं जरा चोरूनच वाचलं. पण धीर आला तो यांच्याचकडून. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी जे नियम लिहिले त्यातल्या ४८व्या प्रकरणात वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की त्या वेळी एक-दोन वडीलधाऱ्यांनी मठात फेरी मारावी आणि कुणी बंधू वाचन सोडून आळसात किंवा गप्पांत वेळ घालवत नाही ना ते बघावं. सर्वस्व सोडून आलेल्या माणसांवरसुद्धा पहारा लागायचा तर मी कोण? बाईंनी माझ्यासाठी ती फेरी मारायचं कबूल केलं. दर रविवारी उपासनेनंतर एकच प्रश्न: “बसलीस का?” काय वाटलं, काय मिळालं, देव काय बोलला, असलं काही नाही. बसलीस का, एवढंच.

या वीस मिनिटांनी उरलेल्या दिवसाचं काही होत नव्हतं. नऊ वाजता फोन खणातून निघायचा आणि मग तो होता आणि मी होते. कामच फोनवर असल्यामुळे तो टाकून देता येत नाही. तेव्हा मी इग्नाशियस लोयोलाचा ठिपक्यांचा उपाय केला. हा आधी शिपाईगडी, लढाईत पाय मोडला आणि खाटेवर पडल्या पडल्या बदलला. १५४८ साली छापल्या गेलेल्या त्याच्या साधनेच्या पुस्तिकेत तो सांगतो की एक दोष निवडा, फक्त एक. तो घडला की हात छातीवर ठेवा, मनातल्या मनात पश्चात्ताप करा. चारचौघांत केलं तरी कुणाला कळणार नाही, असंही तो म्हणतो. आणि दिवसातून दोनदा वहीत ओळीवर तेवढे ठिपके द्या. आजची ओळ कालच्या ओळीशी ताडून बघा, हा आठवडा मागच्या आठवड्याशी.

माझा दोष मी असा लिहिला: ‘काम नसताना हात फोनकडे गेला.’ उघडला की नाही हे मोजायचं नाही, हात गेला की ठिपका. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत एकतीस झाले आणि मी मोजणं सोडून दिलं. छातीवर हात ठेवणं कुणाला कळणार नाही हे मात्र इग्नाशियसचं चुकलं. शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने तिसऱ्या दिवशी ॲसिडिटीची गोळी पुढे केली.

ठिपक्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला माहीत नव्हती. ते सगळीकडे सारखे पडत नव्हते. कामाच्या गर्दीत कमी, घरी संध्याकाळी मध्यम आणि दोन ठिकाणी नुसता सडा: एखादी अवघड मेल लिहायची असेल तेव्हा आणि आईचा फोन येऊन गेल्यावर. आईशी बोलून झालं की पुढचा अर्धा तास मी फोन हातातून ठेवतच नव्हते. असं का ते कळत नव्हतं. किंवा कळत होतं.

मार्कच्या त्या पाच वचनांकडे येते. प्रभू पहाटे, अजून अंधार असताना उठून एकांतात गेला आणि तिथे प्रार्थना करत होता. हे तर रविवार-शाळेत पाठ केलेलं. पण आठवडाभर तेच वाचल्यावर चौथ्या दिवशी पुढचं वचन डोळ्यांत शिरलं. शिमोन आणि त्याचे सोबती त्याच्या मागे गेले, तो सापडल्यावर त्याला म्हणाले की सगळे लोक तुला शोधत आहेत. सगळे शोधत आहेत! आदल्या संध्याकाळीच अख्खं गाव दाराशी लोटलं होतं, आजारी, भूतग्रस्त, खरोखरचे गरजू. त्यांना त्याची गरज होती हे खोटं नव्हतं. आणि तो काय म्हणाला? आपण दुसरीकडे, आजूबाजूच्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे. त्या सकाळी परत त्या दाराशी गेला नाही. शिमोनाचा चेहरा कसा झाला असेल हे मी त्या आठवड्यात अनेकदा मनात पाहिलं.

कारण मी शिमोनाच्या बाजूची होते. सगळे मला शोधत आहेत, हेच तर मला रोज सकाळी फोनमध्ये बघायचं असायचं. लाल गोलातला आकडा. प्रार्थनेच्या ग्रुपचं तर काय बोलावं, तिथे मी शोधली जाण्याला सेवा असं नाव दिलं होतं. आणि प्रभूला एवढी माणसं शोधत असताना तो अंधारात बसून राहू शकला, कारण त्याला कुणीतरी आधीच सापडलेलं होतं. पाचव्या दिवशी मी हे वाचून रडले. थोडंसंच. मग घड्याळाचा गजर झाला आणि मी दचकून पडता पडता राहिले, कारण तो गजर घरातल्या सगळ्यांना उठवतो.

इथपर्यंत साक्ष छान चालली आहे. इथे थांबले असते तर मंडळीत सांगता आली असती.

पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात बसणं जमायला लागलं. घड्याळ बघणं कमी झालं, मन इकडेतिकडे गेलं की ओरडाआरडा न करता त्याला बोट धरून परत आणायचं हे कळायला लागलं. आणि जरा शांतता झाली की दादा यायचा. रोज. मी वचन वाचायची, थांबायची आणि दादा समोर उभा. माझा थोरला भाऊ. वडील गेल्यानंतर घराच्या कागदांवरून आमचं बोलणं झालं होतं, ते शेवटचं. त्याला पावणेतीन वर्षं होत आली होती. आई त्याच्याकडे असते. आई फोनवर त्याचं नाव घेत नाही, मी विचारत नाही, आणि फोन ठेवल्यावर मी स्क्रोल करते. ठिपक्यांचा सडा.

आधी मी त्याला हुसकलं. हा सैतानाचा अडथळा आहे, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग त्याच्यासाठी प्रार्थना करून टाकली, म्हणजे यादीत घातला: प्रभू, दादाला सुबुद्धी दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मत्तय पाचमधलं ते वचन मला कुणी दाखवायची गरज नव्हती. तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ‘त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध’ असं आहे ते. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे याची यादी माझ्याकडे तयार होती. हे उलटं होतं.

मग मी काय केलं असेल? फोन परत उशाशी आणला. कारणही चांगलं होतं, आईची तब्येत बरी नव्हती, रात्री फोन आला तर. दोन आठवडे घड्याळाला किल्ली दिली नाही. सगळे ॲप आले. बायबलचंसुद्धा; त्याने माझं प्रेमाने स्वागत केलं आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलं. दोन्ही रविवारी बाईंनी विचारलं, “बसलीस का?” पहिल्या रविवारी मी हो म्हटलं. दुसऱ्या रविवारी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. दादाचं सगळं सांगितलं, कागदांसकट. बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता क्षमेवर काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुला फोनचा त्रास नव्हताच. फोनचा आधार होता.” मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “नंबर आहे ना त्याचा?”

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी वीस मिनिटं बसले, उठले, खणातून फोन काढला आणि पडद्यावरचं दुसरं काहीही न बघता दादाचा नंबर लावला. वर लाल आकडे होते, ते दिसले, पण थांबले नाही. तीन रिंगा झाल्या.

“काय गं, काय झालं?” त्याचा आवाज घाबरलेला. एवढ्या सकाळी आणि एवढ्या वर्षांनी फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असंच त्याला वाटलं असणार.

“काही नाही झालं. सहज केला.”

“सहज?”

मग दोघंही गप्प. त्याच्याकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो त्याने बंद केल्याचं ऐकू आलं. मी म्हटलं, “दादा, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, तरी ते वाचताना अडखळले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आई झोपलीय अजून. तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.” आणि मग आम्ही चष्म्यावरच बोललो. माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही. कागदांचा विषय निघाला नाही, आजही निघालेला नाही. सगळं मिळून चार मिनिटं. माझ्या हाताला घाम आला होता, फोन ओला झाला होता.

त्या दिवशी संध्याकाळी ठिपके मोजले तर अकरा होते. दुसऱ्या दिवशी सतरा. काही चमत्कार झाला नाही, आणि मी तो झाला असं सांगत फिरणार नाही. आता साधारण आठ-दहावर असतात, आजारपणात किंवा ऑफिसात गडबड असली की विसावर जातात. प्रार्थनेचा ग्रुप मी एका तरुण मुलाकडे सोपवला आहे; तो आठवड्यातून एकदाच वचन टाकतो, आणि ते स्वतः टाईप करतो, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आमेन कमी येतात. मुलीशी बोलताना फोन पालथा ठेवते, ती तरी मधूनच तपासायला एखादं अर्थहीन वाक्य घुसवते. परवा म्हणाली, “आणि मग आमच्या बाई वर्गातच घोड्यावर बसल्या.” मी ‘हं’ म्हटलं नाही. फार खूश झाली.

फोन अजून खणातच असतो, स्वयंपाकघरात, टेबलक्लॉथच्या घडीखाली. आवाज बंद, फक्त चार नंबर वाजतील अशी सोय करून ठेवली आहे. आधी तीन होते, चौथा दादाचा घातला.

मागच्या आठवड्यात पुन्हा मार्कचा पहिला अध्याय घेतला होता. पस्तिसाव्या वचनावर होते, अजून अंधार असताना, आणि खणातून आवाज आला. पहिल्या रिंगेला मी बसून राहिले. दुसऱ्या रिंगेला उठले. दादा होता. आईचा नवा चष्मा आला आहे, तो लावून तिला शास्त्राची बारीक अक्षरं दिसतात का ते बघायचं आहे, तर कुठून वाचायला सांगू, असं विचारत होता. मी म्हटलं, मार्क, पहिला अध्याय, पस्तीसपासून. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला, मग आईचा आवाज, एकेक शब्द सुटा सुटा करत. मी फोन कानाला लावून ओट्याशी उभी राहिले. वीस मिनिटांचा गजर आतल्या खोलीत वाजला, मुलगी ओरडली, कुणीतरी तो बंद केला.

रात्री वही उघडली. सकाळच्या त्या वेळेचा ठिपका द्यायचा का, यावर थोडा वेळ पेन धरून बसले. मग बाकीचे दिले, सात होते, आणि वही मिटली.